जमिनीवर थेंब नाही, तरी पाणी कमी: एका जुन्या गाडीच्या हीटर पाइपांचं प्रकरण

गाडी २००१ सालची होंडा सिटी, १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन, पहिल्या दिवसापासून एकाच मालकाकडे. २०१६ आणि २०२१ अशी दोनदा पुनर्नोंदणी झालेली. मालक पाचगणीच्या एका निवासी शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. राहायला वाईत, पण शिकवण्या आणि जुना गोतावळा वर असल्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा पसरणी घाट चढतात. प्रकरण डिसेंबर २०२४ मधलं. सरांची तक्रार थोडक्यात होती. "अरे, रिझर्व्ह बाटलीत दर आठवड्याला पाणी घालावं लागतंय. खाली जमिनीवर थेंबसुद्धा दिसत नाही. आणि सकाळी घाट चढायला लागलं की उकळत्या काकवीसारखा गोडसर वास येतो."

माझ्याकडे येण्याआधी ते दुसऱ्या एका गॅरेजला जाऊन आले होते. तिथे रेडिएटरचं झाकण काढून, इंजिन रेस करून बघितलं आणि निकाल दिला: हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय, हेड उतरवावं लागेल, खर्च २० हजारांच्या पुढे. सरांना खर्चापेक्षा इंजिन उघडण्याचीच धास्ती जास्त होती. तेवीस वर्षं पाना न लागलेलं इंजिन पुरेशा पुराव्याशिवाय उघडू नये, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

गाडी पाणी खाते म्हणजे हेड गॅस्केट, हा आपल्याकडे फार लवकर काढला जाणारा निष्कर्ष आहे. पाणी जायला तीन वाटा असतात. बाहेर, म्हणजे पाइप, रेडिएटर, वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप, किंवा ब्लॉकच्या भोकांवर बसवलेली कोअर प्लग नावाची झाकणं यांतून. आत इंजिनात, म्हणजे सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये. आणि तिसरी वाट केबिनमध्ये, डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरमधून, म्हणजे केबिनची हवा तापवणाऱ्या छोट्या रेडिएटरमधून. जमिनीवर थेंब दिसत नाही म्हटल्यावर पहिली वाट सोडून दिली जाते आणि संशय थेट इंजिनावर जातो. पण गरम इंजिनावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचतोच असं नाही. या गाडीचं पाणी आठवड्याला पाव लिटरच्या आसपास कमी होत होतं. दिवसाला विभागलं तर तीस-चाळीस मिलिलिटर. एवढं पाणी ८०-९० अंश तापलेल्या गिअरबॉक्सच्या खोळीवर पडलं की खाली पोचायच्या आतच वाफ होऊन जातं.

विचारलेले प्रश्न

बॉनेट उघडायच्या आधी सरांना बसवून सगळा इतिहास विचारला. माझ्या मते या प्रकरणाचं निम्मं निदान तिथेच झालं.

ऑक्टोबरच्या उन्हात एकदा घाटात तापमानाच्या मीटरवरचा काटा मध्याच्या वर सरकला होता. वाटेतल्या एका मेकॅनिकने रेडिएटरची कॅप सैल झालीय म्हणून नवी कॅप बसवून दिली. काटा पुन्हा जागेवर आला, पण सरांच्या म्हणण्यानुसार पाणी कमी व्हायला लागलं ते तेव्हापासूनच. त्यांचा रोख नव्या कॅपवर होता. "कॅपच भिकार निघाली असेल," असं ते दोनदा म्हणाले.

मला मात्र यातून उलटा अर्थ दिसला. रेडिएटरची कॅप हा नुसतं भोक झाकणारा तुकडा नाही, तो दाब धरणारा व्हॉल्व आहे. या इंजिनाची कॅप १.१ ची, म्हणजे वातावरणापेक्षा साधारण १.१ बार जास्त दाब झाला की ती उघडते. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. जुनी कॅप दाब धरत नसेल तर पाइपांवर ताण येत नव्हता. नवी कॅप आली, यंत्रणेत पूर्ण दाब तयार व्हायला लागला आणि ज्या पाइपाने इतकी वर्षं कमी दाबावर निभावून नेलं होतं तो आता पाझरू लागला. कॅप चांगली निघाली म्हणूनच दोष उघड झाला.

मग वासाबद्दल विचारलं. ब्लोअर बाहेरची हवा घेत असतो तेव्हा वास येतो की आतलीच हवा फिरवत असतो तेव्हा? सरांनी कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घाट चढताना बटण बदलून बघा म्हणून सांगितलं. त्यांनी शिक्षकाच्या शिस्तीत कागदावर लिहून आणलं: बाहेरची हवा, वास येतो, आतली हवा, पाच मिनिटांत वास जातो. याचा अर्थ सरळ आहे. हीटर कोअर गळत असेल तर वास डॅशबोर्डच्या आतच तयार होतो आणि आतली हवा फिरवली की उलट वाढतो. इथे वास बॉनेटखालून येत होता, काचेखालच्या जाळीतून ब्लोअर तो ओढत होता. पायाखालचा गालिचा उचलून हात फिरवला, कोरडा. समोरच्या काचेला आतून चिकट धुरकट थर नाही. कोअरवरचा संशय बराच मागे पडला.

इंजिनाच्या आत पाणी जातंय का, तेही लगेच बघून घेतलं. ऑइल फिलरच्या झाकणाखाली पांढरट मलई नाही, डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ. चारही स्पार्क प्लग काढले, चारही सारख्याच फिकट तपकिरी रंगाचे. ज्या सिलिंडरमध्ये पाणी जातं त्याचा प्लग वाफेने धुतल्यासारखा वेगळा दिसतो, तसा एकही नव्हता. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावून इंजिन चालवलं. कुलंटमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातून, जळलेल्या वायूचे बुडबुडे येत असतील तर हा निळा द्रव पिवळा पडतो. तो निळाच राहिला. हेड गॅस्केटचं प्रकरण माझ्यापुरतं इथे मिटलं.

हीटर न वापरणाऱ्यांचे हीटर पाइप

आपल्या भागात गाडीचा हीटर कोणी फारसा लावत नाही. नॉब वर्षानुवर्षं निळ्या टोकावर असतो. त्यामुळे "हीटरचे पाइप खराब झाले असतील" असं म्हटलं की लोक म्हणतात, अहो, आम्ही हीटर कधी लावलाच नाही. हे ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण इतकं साधं सत्य गाडी विकताना किंवा सर्व्हिसिंग करताना कोणी सांगत नाही: हीटर लावा किंवा लावू नका, त्या पाइपांत इंजिनाचंच पाणी असतं, इंजिनाच्याच दाबाखाली.

या गाडीत हेडमधून गरम पाणी एका पाइपाने फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यापर्यंत, येतं. तिथे केबलवर चालणारा छोटा हीटर व्हॉल्व आहे. व्हॉल्वमधून आखूड पाइपाने पाणी डॅशबोर्डमागच्या कोअरमध्ये जातं आणि तिथून दुसऱ्या पाइपाने परत येऊन इंजिनाच्या मागच्या अंगाला, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली असलेल्या लोखंडी नळीला मिळतं. ती नळी वॉटर बॉडीला जाते. नॉब निळ्यावर ठेवला की व्हॉल्व जाणारी वाट बंद करतो. परतीची वाट उघडीच राहते. पाणी फिरायचं थांबतं, पण दाब सगळीकडे पोचलेला असतो. उलट, पाणी वर्षानुवर्षं एका जागी साचून राहिल्याने गाळ तिथेच बसतो.

सरांच्या गाडीत कुलंट जवळपास उरलंच नव्हतं. बाटलीत कधी नळाचं, कधी बोअरचं पाणी घातलं गेलेलं. बोअरच्या पाण्यातले क्षार तापलेल्या धातूवर पापुद्रा धरतात, आणि गंज रोखणारी रसायनं फक्त कुलंटमध्ये असतात, ती पाण्याने पातळ होत गेली की ॲल्युमिनियमचं हेड, लोखंडी नळ्या आणि मधलं क्षारयुक्त पाणी मिळून एक कमजोर विद्युतघट तयार होतो.

या विद्युतघटाचा फटका रबरालाही बसतो. पाइप बनवणाऱ्या गेट्स कंपनीच्या तंत्रज्ञांनी ही गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वी दाखवून दिली. हे पाइप ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात, मधे धाग्याची वीण असते. विद्युतरासायनिक क्रियेने रबराला आतल्या बाजूने, लांबीच्या दिशेने, बारीक चिरा पडतात, आणि त्या प्रामुख्याने धातूला लागून असलेल्या टोकांपाशी, क्लिपेपासून साधारण पाच सेंटिमीटरच्या आत. पाणी चिरांतून धाग्याच्या विणीपर्यंत पोचतं आणि विणीतून सरकत जाऊन भलत्याच ठिकाणी बाहेर येतं. बाहेरून पाइप काळा कुळकुळीत, गुळगुळीत दिसतो. म्हणून पाइप मधोमध दाबून "ठीक आहे" म्हणण्याला काही अर्थ नाही. इंजिन पूर्ण थंड असताना क्लिपेच्या अगदी जवळ बोटांच्या चिमटीत दाबायचा. आत चिरा असतील तर तो भाग मधल्या भागापेक्षा पोचट लागतो, कधी हलकी करकर जाणवते.

सरांच्या परतीच्या पाइपाचं खालचं टोक हाताने दाबता येईना, कारण ते मॅनिफोल्डच्या खाली आहे. हाच या पाइपांचा शाप. वरचा रेडिएटर पाइप समोर दिसतो म्हणून तो बदलला जातो. सरांच्या गाडीचेही वरचा-खालचा रेडिएटर पाइप मध्यंतरी बदललेले होते आणि चांगल्या स्थितीत होते. हीटरचे मात्र कंपनीतून आलेलेच होते. तेवीस वर्षं टिकले, रबराकडून याहून जास्त मागू नये.

दाबाची चाचणी

रात्रभर थंड झालेल्या गाडीवर सकाळी हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावला. रेडिएटरच्या तोंडावर कॅपच्या जागी तो बसतो, वर दाब दाखवणारं घड्याळ असतं. कॅपवर लिहिलेल्या आकड्याएवढाच, म्हणजे १.१ बार दाब दिला. जास्त देऊ नये. जुन्या गाडीत चांगला भागही त्याने फुटू शकतो. दहा मिनिटांत काटा ०.९ वर आला. खाली जमीन कोरडी.

थंड असताना चाचणी घ्यायचं कारण आहे. जुनं रबर क्लिपेखाली दबून दबून कडक झालेलं असतं, त्याची लवचिकता गेलेली असते. गाडी तापली की ते थोडं फुगतं आणि फट बुजते. थंडीत आखडतं आणि फट उघडते. डिसेंबरच्या पहाटे वाईत गारठा असतो. इंजिन सुरू झाल्यावर दाब चढायला लागतो पण टोकाचं रबर अजून आखडलेलंच असतं, त्या मधल्या काळात सगळ्यात जास्त गळती होते. सरांना वास नेमका घाटाच्या सुरुवातीला का यायचा आणि पाचगणीला पोचेपर्यंत का कमी व्हायचा, त्याचा उलगडा यातून होतो. दुपारी तापलेल्या गाडीवर गळती शोधणाऱ्याला काही सापडलं नाही, यात नवल नाही.

दाब ठेवून मॅनिफोल्डच्या मागे टॉर्च आणि छोटा आरसा घातला. ब्लॉकच्या मागच्या बाजूने गिअरबॉक्सवर उतरलेला पांढरट-तपकिरी ओघळ दिसला. ओघळ दिसला म्हणजे उगम सापडला असं मात्र नाही. त्याच्या वर तीन संशयित होते: परतीच्या हीटर पाइपाचं टोक, थ्रॉटल बॉडीला (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाला) गरम पाणी नेणारे दोन बारीक पाइप, आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग. पाणी उतारावरून कुठूनही येऊ शकतं.

इथे बरेच जण पाइपाला पकड लावून दाबतात, म्हणजे तो भाग वेगळा पडेल. जुन्या पाइपावर हे करू नये, दाबलेल्या जागी तो हमखास चिरतो. त्याऐवजी मी कुलंट थोडं उतरवलं, हीटरचे दोन्ही पाइप इंजिनाच्या बाजूने सोडवले आणि इंजिनावरची ती दोन तोंडं एका नव्या पाइपाच्या तुकड्याने एकमेकांना जोडली. हीटरचा सगळा फेरा वगळला गेला. पुन्हा १.१ बार. काटा हलला नाही, अर्ध्या तासाने बघितला तेव्हाही जागेवर. थ्रॉटलचे पाइप, पॅकिंग, वॉटर बॉडी, रेडिएटर, सगळे एका चाचणीत निर्दोष ठरले.

मग कोअर एकटा तपासला. त्याच्या दोन नळ्यांपैकी एक बुचाने बंद, दुसरीवर टेस्टर. दाब टिकला. राहिले फक्त पाइप आणि व्हॉल्व, आणि व्हॉल्व बाहेरून कोरडा होता. डॅशबोर्ड खोलावा लागणार नाही हे कळल्यावर सरांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. या गाडीचा कोअर काढायचा म्हणजे अख्खा डॅशबोर्ड बाहेर, आणि जुन्या प्लॅस्टिकच्या खुंट्या मोडल्या की तो पुन्हा खडखडल्याशिवाय राहत नाही.

पाइप उतरवताना

मॅनिफोल्डखाली हात जाण्यासाठी एअर फिल्टरचा डबा आणि त्याची नळी काढली. कंपनीच्या स्प्रिंग क्लिपा होत्या. लांब केबलची क्लिप पकड असेल तर त्या पाच मिनिटांत निघतात, साध्या पकडीने बोटं सोलून निघतात.

या कामातली सगळ्यात महागडी चूक फायरवॉलपाशी होते. कोअरच्या नळ्या पातळ असतात आणि वीस वर्षांत पाइप त्यांना चिकटून बसलेला असतो. जोर लावून ओढला की नळी कोअरच्या सांध्यापाशी वाकते किंवा तडकते, आणि पाचशेच्या पाइपासाठी डॅशबोर्ड खोलायची पाळी येते. जुना पाइप वाचवायचा नाहीच आहे, मग ओढायचा कशाला? ब्लेडने टोकाला लांबीच्या दिशेने चीर द्यायची, ब्लेड नळीच्या धातूला लागणार नाही एवढीच खोल, आणि पाइप केळीच्या सालासारखा सोलून काढायचा. माझ्याकडचा नवा मुलगा पहिल्यांदाच हे काम करत होता. त्याला पहिला पाइप सोलून दाखवला, उरलेले त्याने स्वतः काढले.

काढलेला परतीचा पाइप उभा चिरून सरांना दाखवला. मधला भाग उत्तम. खालच्या टोकाला, क्लिपेच्या ठशाला लागूनच, आतून लांबट चिरांची जाळी, एका चिरेत धागा उघडा पडलेला. बोट फिरवलं की काळं बोट. आत विटकरी गाळाचा थर. व्हॉल्व आणि कोअरमधला आखूड पाइप गळत नव्हता, पण त्यालाही तशाच चिरा सुरू झाल्या होत्या. हेडकडून येणारा पाइप एका जागी फुगून मऊ पडलेला, कारण वरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल झिरपून त्याच्यावर पडत होतं. ईपीडीएम रबर उष्णतेला आणि कुलंटला चांगलं तोंड देतं, खनिज तेल मात्र त्याला सोसत नाही. फक्त गळणारा पाइप बदलून गाडी दिली असती तर दुसरा पाइप काही महिन्यांत घाटात गेला असता. एकाच वयाचे, एकाच पाण्यात राहिलेले पाइप सगळे एकदम बदलावेत, असा माझा आग्रह असतो. थ्रॉटलचे दोन बारीक पाइपही त्याच हप्त्यात बदलले. टॅपेट कव्हरचं पॅकिंगही नवं घातलं, नाहीतर नवा पाइप पुन्हा ऑइलने फुगणार.

नवे पाइप

वळणदार साच्यातले दोन पाइप पुण्याच्या नाना पेठेतून मिळाले. आखूड पाइपाऐवजी सरळ रबरी पाइप कापून वापरला, कारण ती वाट जवळपास सरळच आहे. सरळ पाइप घट्ट वळणावर वाकवला की मधे चपटा होतो आणि पाणी अडतं. म्हणून जिथे मूळ पाइप वळणाचा आहे तिथे वळणाचाच घ्यावा. नळ्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजला आणि १६ मिलिमीटर आतल्या व्यासाचा पाइप घेतला. नजरेने माप घेऊन अठराचा पाइप क्लिपेने आवळून बसवलेला मी अनेक गाड्यांत बघितला आहे, तो कधी ना कधी निसटतो.

पाइपावर काय छापलंय ते वाचावं. हीटरच्या पाइपासाठी एसएई जे२० या मानकातली २०आर३ ही खूण असते. दुकानात पेट्रोलचा पाइप, कॉम्प्रेसरच्या हवेचा पाइप, अगदी बागेचा जाळीदार पारदर्शक पाइपसुद्धा "चालतो, लावा बिनधास्त" म्हणून देतात. बागेचा पाइप १०० अंशांच्या पाण्यात दाबाखाली मऊ पडून सुटतो, आणि सुटलेल्या पाइपातून उडणारं पाणी माणूस भाजण्याइतकं गरम असतं.

नळ्यांची तोंडं बारीक पॉलिश पेपरने साफ केली. क्षाराचा एखादा खडा राहिला तरी नवं रबर त्यावर नीट बसत नाही. पाइप सरकवायला थोडं कुलंट लावलं. ग्रीस किंवा ऑइल लावू नये, कारण वर सांगितलंच, रबर फुगतं. क्लिपा नव्या स्प्रिंगच्याच घातल्या. पट्टीला खाचा असलेली स्क्रूची स्वस्त क्लिप रबरात रुतते, आणि एकदा आवळली की तेवढीच राहते. स्प्रिंग क्लिप रबर फुगलं-आखडलं तरी सोबत आवळत-सैलावत राहते. क्लिप नळीच्या फुगवट्याच्या मागे बसली आहे ना, हे आरशातून पाहून घेतलं. फुगवट्यावर बसलेली क्लिप दाब येताच पुढे सरकते.

काम चालू असताना दोन गोष्टी आणखी सापडल्या. हीटर व्हॉल्व वर्षानुवर्षं न हलल्यामुळे जाम झाला होता. केबल ओढली असती तर तुटली असती. व्हॉल्व गरम पाण्यात ठेवून, हळूहळू हलवून मोकळा केला. आणि थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणाऱ्या व्हॉल्वचं, घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नव्हता! कधीतरी कोणीतरी "गाडी गरम होते" म्हणून काढून टाकलेला. आपल्याकडे हे सर्रास होतं आणि मला ते मुळीच पटत नाही. या इंजिनाचा थर्मोस्टॅट ७६ ते ८० अंशांना उघडायला लागतो आणि ९० ला पूर्ण उघडतो. तो नसला की इंजिन सपाटीवर कधी नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त लागतं, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. घाटात मात्र त्याचा काही फायदा होत नाही, कारण घाटात तो तसाही पूर्ण उघडाच असतो. नवा थर्मोस्टॅट नव्या पॅकिंगसकट बसवला.

पाणी भरणं आणि हवा काढणं

जुनं पाणी उतरवून, बाहेर येणारं पाणी नितळ दिसेपर्यंत आतून धुतलं. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने, म्हणजे आत क्षार राहत नाही. काढलेलं कुलंट गटारात किंवा उघड्या भांड्यात ठेवू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते पितात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात.

ॲल्युमिनियमच्या इंजिनाला चालणारं, निम्मं-निम्मं आधीच मिसळलेलं कुलंट भरलं. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कुलंट कशाला, असा प्रश्न सरांनीही विचारला. पाचगणी १,३०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९६ अंशांच्या जवळच उकळतं. या गाडीचा रेडिएटर पंखाच मुळी ९० ते ९५ अंशांच्या दरम्यान सुरू होतो. म्हणजे पाइप पाझरून दाब गेला आणि आत साधं पाणी असलं, तर पंखा लागणं आणि पाणी उकळणं यांत दोन-चार अंशांचंच अंतर उरतं. ऑक्टोबरमध्ये जुन्या कॅपवर काटा वर का सरकला, याचं कारण इथे आहे. निम्मं कुलंट असेल तर दाब नसतानाही उकळण्याची पातळी सात-आठ अंशांनी वर जाते. गंज थांबतो हा फायदा वेगळाच.

हीटरच्या फेऱ्यात हवा फार हट्टाने अडकते, कारण कोअर उंचावर असतो. गाडीचं तोंड रॅम्पवर वर केलं, नॉब लाल टोकावर, इंजिनावरचा ब्लीड बोल्ट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहिलो. मग झाकण न लावता, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत आयडलवर चालवलं, पातळी खाली गेली तसं भरलं. कोअरमध्ये पाणी फिरतंय की नाही ते दोन्ही हीटर पाइपांवरून कळतं: जाणारा गरम आणि परतीचा त्याहून थोडाच कमी गरम असेल तर ठीक. जाणारा तापलेला आणि परतीचा गार असेल तर हवा अडकलीय किंवा कोअर तुंबलाय. इथे परतीचा पाइप आठ-दहा अंशांनीच थंड लागला.

रात्रभर गाडी थंड होऊ दिली आणि सकाळी पुन्हा १.१ बार. काटा तासाभरानेही जागेवर होता. रिझर्व्ह बाटलीवर पातळीशी चिकटपट्टी लावली आणि सरांना सांगितलं की फक्त सकाळी, गाडी सुरू करण्याआधी बघायचं. पहिल्या काही दिवसांत पातळी बोटभर खाली गेली, कुठेतरी राहिलेली हवा बाहेर पडली म्हणून. त्यानंतर ती हलली नाही. मार्चच्या उन्हात सर दुपारी घाट चढून गेले, काटा मध्याच्या खालीच राहिला. पाइप, क्लिपा, थर्मोस्टॅट, पॅकिंग, कुलंट आणि मजुरी मिळून बिल साडेपाच हजारांच्या आत झालं.

गाडी नेताना सरांनी विचारलं, "हीटर मी वापरतच नाही. दोन्ही तोंडं जोडून तो फेरा कायमचाच काढून टाकायचा का? चाचणीला केलंस तसं." बऱ्याच गाड्यांत असं केलेलं असतं. मी नको म्हटलं. पावसाळ्यात पसरणी घाटात धुकं उतरतं तेव्हा काच आतून दवाने भरते. एसी आणि हीटर एकत्र लावला की एसी हवेतला ओलावा काढतो आणि हीटर ती हवा काचेवर गरम करून सोडतो, काच मिनिटभरात स्वच्छ. शिवाय कधी घाटात गाडी तापलीच, तर नॉब लाल टोकावर आणि ब्लोअर पूर्ण ठेवला की कोअर छोट्या रेडिएटरसारखा काम करतो, थांबायला सुरक्षित जागा सापडेपर्यंत तेवढा आधार पुरतो. आणि जोडलेला तुकडाही शेवटी दोन टोकं असलेला रबरी पाइपच. त्यालाही म्हातारपण येणारच. महिन्यातून एकदा नॉब लाल टोकापर्यंत नेऊन परत आणा, म्हणजे व्हॉल्व पुन्हा जाम होणार नाही, एवढं सांगून किल्ली दिली.

एक काम बाकी आहे. ब्लॉकमागच्या लोखंडी नळीच्या तोंडाला गंजाचे बारीक खड्डे आहेत. पॉलिश केल्यावर पाइप घट्ट बसला आणि दाब टिकला, म्हणून ती तशीच ठेवली. पण ती नळी बदलायला मॅनिफोल्ड आणि वॉटर बॉडीची बाजू मोकळी करावी लागते. या इंजिनात वॉटर बॉडी टायमिंग बेल्टवर फिरते आणि सरांच्या गाडीचा बेल्ट पुढच्या वर्षी बदलायचा आहे. बेल्ट, वॉटर बॉडी आणि ती नळी, तिन्ही एकदम करायचं ठरलंय. नळी आत्ताच शोधून ठेवायला सांगितली आहे, कारण या गाडीचे रबरी भाग अजून मिळतात, धातूचे मात्र कमी व्हायला लागले आहेत.